एसीचे बोनस आणि त्यांची कमाल मर्यादा: पार्श्वभूमी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर खेळायच्या रोल-प्लेइंग गेमच्या १९७४ च्या मूळ नियमांत आर्मर क्लास (एसी, म्हणजे वार लागणं किती अवघड ते सांगणारा आकडा) जितका कमी तितका चांगला. चिलखत नसेल तर ९, प्लेट चिलखत आणि ढाल असेल तर २. हा उलटा हिशेब १९९८ च्या बाल्डर्स गेट या कॉम्प्युटर गेममध्येही तसाच उतरला. थॅकोतून (एसी ० ला वार लागायला फाशावर लागणारा आकडा) समोरच्याचा एसी वजा करायचा. थॅको १८ आणि समोर फुल प्लेट, म्हणजे एसी १, तर वीस बाजूंच्या फाशावर १७ किंवा जास्त पडायला हवेत.

त्या गेममध्ये डेक्सला (डेक्स्टेरिटी, म्हणजे पात्राची चपळाई) चिलखताची आडकाठी नव्हती. १८ डेक्सचा फायटर फुल प्लेट घालूनही डेक्सचा पूर्ण बोनस घ्यायचा, मग लेदरचं हलकं चिलखत घालतो कोण? उलट जादुई चिलखत अंगावर असेल तर रिंग ऑफ प्रोटेक्शन (एसी सुधारणारी जादुई अंगठी) घालताच यायची नाही. माझ्या मते ही बंदी फारच ढोबळ होती.

२००० साली नियमांची तिसरी आवृत्ती आली, एसी १० पासून वर चढू लागला आणि त्याची सवय लवकर झाली. भांडणं पेटली ती कमाल डेक्स बोनसवरून, म्हणजे त्या चिलखतात डेक्सचा जास्तीत जास्त किती बोनस धरायचा यावरून. फुल प्लेटला +८, पण डेक्सचा फक्त +१ धरायचा. चेन शर्टला +४ आणि डेक्स +४ पर्यंत. लेदरला +२ आणि डेक्स +६ पर्यंत. बेरीज करून बघा: ९, ८, ८. डेक्स वाढवणाऱ्याला हलकं चिलखत परवडायला लागलं ते या मर्यादेमुळेच. आपला डेक्स 'वाया गेला' म्हणणाऱ्यांनी ही बेरीज कधी मांडलीच नाही.

२००२ च्या, याच तिसऱ्या आवृत्तीवरच्या नेव्हरविंटर नाइट्स या कॉम्प्युटर गेममध्ये गुंता वाढला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नुसती सीडी आणलेल्याला किंवा दादर-परळच्या कॅफेत तासाचे पैसे मोजणाऱ्याला तो उलगडून सांगणार कोण? अंगठी +२ आणि क्लोक +३, तरी एसी वाढायचा तीनच, कारण दोन्ही बोनस डिफ्लेक्शनचे (वार दुसरीकडे वळवण्याचे) आणि त्यातला मोठा तेवढाच धरला जातो. ताईत नॅचरल आर्मरचा (कातडीच्या कठीणपणाचा), म्हणून त्याची वेगळी भर. बुटांचा बोनस मात्र डॉजचा (वार चुकवण्याचा), आणि डॉज एकमेकांवर चढतात, +२० पर्यंत. ही २० ची कमाल गरजेचीच होती. एसी ४० झाला आणि हल्लेखोराचा बोनस +१८ असला, तर त्याला २२ लागतात. फाशावर ते येत नाहीत, म्हणून नॅचरल २०, म्हणजे फाशावरच २० पडली तरच वार लागतो.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने बोनसचे हे प्रकार काढून टाकले. प्लेटला सरळ १८, डेक्स शून्य. मध्यम चिलखताला डेक्स +२ पर्यंत, हलक्याला पूर्ण. शील्ड ऑफ फेथ या मंत्राचे +२ कॉन्सन्ट्रेशन मागतात, म्हणजे तो टिकवायला मन एकाग्र ठेवावं लागतं आणि असा एकाच वेळी एकच मंत्र चालतो, त्यामुळे एकच जादूगार असे मंत्र एकावर एक लावू शकत नाही. २०२३ च्या बाल्डर्स गेट ३ मध्ये हेच नियम आहेत, त्यामुळे तिथे जुन्या खेळाडूने बोनसचा प्रकार शोधण्याऐवजी कॉन्सन्ट्रेशन कोणाचं चालू आहे ते आधी बघावं.