लिव्हिंग विल करायचंय? ठाणे-नवी मुंबईत काय लागतं, कुठे द्यायचं

घरात कोणी "मला काही झालं तर" एवढं जरी म्हटलं तरी लगेच "शुभ बोल रे नाऱ्या" होतं आणि विषय तिथेच बंद. मग कधीतरी आयसीयूबाहेर डॉक्टर विचारतात व्हेंटिलेटर लावायचा का, आणि भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात, कारण आईला काय हवं होतं हे कोणी विचारलेलंच नसतं. त्यासाठीचा कागद म्हणजे लिव्हिंग विल, कायद्याच्या भाषेत ॲडव्हान्स मेडिकल डायरेक्टिव्ह. 9 मार्च 2018 ला सुप्रीम कोर्टाने कॉमन कॉज या संस्थेच्या केसमध्ये याला मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, मग कोण करतंय! 24 जानेवारी 2023 ला कोर्टानेच ती अट काढली आणि आता नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरतो.

एक आधीच सांगतो, हे म्हणजे इंजेक्शन देऊन मारणं नाही, ते आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. यात फक्त एवढंच की बरं होण्याची आशाच उरली नाही आणि आपण बोलायच्या स्थितीत नाही, तर नुसता जीव लांबवणारे उपचार नकोत. घर, फ्लॅट, सोनं कोणाला, ते मृत्युपत्र वेगळं. दोन्ही एकाच कागदात घालू नका. मृत्युपत्र लोक गेल्यानंतर उघडतात, हा कागद आधी लागतो.

कोण करू शकतं? 18 पूर्ण आणि मन ठिकाणावर, बस. आजारी असायची गरज नाही, वयाची वरची मर्यादा नाही. स्वतःच्या मर्जीने करायचं, मुलांनी बाबांच्या नावाने टाइप करून आणून सही घेतली असं चालत नाही, आणि नोटरीनेही हे समजून-उमजून, दबावाशिवाय केलंय अशी नोंद करायची असते. डिमेन्शियाची सुरुवात असेल तर उशीर करू नका, एकदा समज गेली की मग ते करता येत नाही. आणि वय जास्त असेल तर फॅमिली डॉक्टरकडून "पेशंट समजून निर्णय घेऊ शकतो" अशी चिठ्ठी घेऊन जोडा, सक्तीची नाही, पण उद्या कोणी शंका काढली तर उपयोगी पडते.

कागदपत्रांची सरकारी यादी वगैरे काही नाही. तुमचं आणि दोन साक्षीदारांचं आधार, पासपोर्ट साइज फोटो, नोटरी मागेल तर पॅन, इतकंच घेऊन जा. साक्षीदार शक्यतो घरातले नकोत, सोसायटीतले शेजारी उत्तम. ठाण्यात कोर्टनाक्याला आणि नवी मुंबईत बेलापूर कोर्टाच्या आसपास नोटरी बसतात. काही नोटरींना "लिव्हिंग विल" म्हटलं की मृत्युपत्रच वाटतं आणि ते आपला छापील फॉर्म पुढे करतात, त्यामुळे मजकूर घरूनच तयार करून न्या.

आता मजकूर, खरं काम इथेच आहे. "मला त्रास नको" असं मोघम लिहिलंत तर डॉक्टर काय करणार बिचारे? कुठल्या परिस्थितीत (आजार शेवटच्या टप्प्यात, कायमची बेशुद्धी, बरं होण्याची शक्यता नाही) आणि नेमकं काय नको ते लिहा: व्हेंटिलेटर, छाती दाबून हृदय चालू करणं, डायलिसिस, नळीने अन्न. त्याच्याच खाली वेदना कमी करायची औषधं आणि सेवा चालूच ठेवा हेही लिहा, कारण उपचार बंद म्हणजे पेशंटला टाकून दिलं अशी भीती घरच्यांना वाटते. शेवट घरी व्हावा असं वाटत असेल तर तेही लिहा, फक्त घरी मृत्यू झाला की स्मशानात आणि नोंदणीला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, तेव्हा रात्री-अपरात्री येऊन ते देईल अशा डॉक्टरशी आधीच बोलून ठेवलेलं बरं.

तुमच्या वतीने बोलणाऱ्यांची नावंही यात द्यायची, एकापेक्षा जास्त. इथे लोक भावनेत थोरल्या मुलाचं नाव टाकतात, तो न्यू जर्सीला. माझं मत विचाराल तर दोन तासांत हॉस्पिटलला पोचणारा आणि नातेवाइकांच्या आरडाओरड्यासमोर न डगमगणारा माणूस निवडा, मग ती सून असो की भाची. आणि त्यांना विचारून नाव टाका!

सही झाली की एक-एक प्रत त्या माणसांना आणि फॅमिली डॉक्टरला. एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, म्हणजे आपल्या महापालिकेकडे, तिथे ती सांभाळायला कस्टोडियन म्हणून अधिकारी नेमायचा असतो. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार याच मुद्द्यावर हायकोर्टात गेले होते, त्यानंतर राज्यात कस्टोडियन नेमले गेले. ठाणेकरांनी पाचपाखाडीला महापालिका भवनात आरोग्य विभागात विचारायचं, दिघा ते बेलापूरवाल्यांनी बेलापूरच्या नवी मुंबई महापालिका मुख्यालयात. खारघर, कामोठे, कळंबोलीवाले स्वतःला नवी मुंबईकर म्हणवतात (म्हणवू देत) पण त्यांची महापालिका 2016 पासून पनवेल आणि जिल्हा रायगड, तेव्हा बेलापूरला हेलपाटा घालू नका. कुठेही द्या, आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, "हे आमच्याकडे नाही" म्हणाले तर कव्हरिंग लेटर लावून आवक-जावकला द्या. मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये तर अजिबात नको, रात्री दोन वाजता लॉकर कोण उघडणार.

वेळ आली की हॉस्पिटल आधी कागद खरा आहे का तपासतं. मग तिथलं प्रायमरी बोर्ड बसतं, त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. त्यांचं मत झालं की सेकंडरी बोर्ड, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ, पहिल्या बोर्डातले चालत नाहीत. दोन्ही बोर्डांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं. अंमल करण्याआधी मॅजिस्ट्रेटला कळवायचं, परवानगी मागायची नसते. बोर्डाने नकार दिला तर हायकोर्टात जाता येतं. कागद केलेलाच नसेल तरी घरच्यांच्या संमतीने हीच दोन बोर्डं निर्णय घेऊ शकतात, पण प्रत्यक्षात तेव्हा घरात एकमत लागतं, आणि ते कसं होतं ते तुम्हाला माहितीये.

मन बदललं तर लेखी रद्द करा किंवा नवीन करा, शेवटी सही केलेला धरला जातो. जुन्या प्रती मात्र सगळीकडून परत घ्या.

अवयवदान, देहदान इथे लिहून भागत नाही, त्यांचे फॉर्म वेगळे. देहदानासाठी कळव्याच्या महापालिकेच्या मेडिकल कॉलेजमध्ये चौकशी करा. पोस्टमॉर्टेम झालेला देह सहसा घेत नाहीत, आणि डोळे सोडून इतर अवयव दिले तरी सहसा नाही, म्हणून दोन्ही फॉर्म भरलेत तर आधी काय ते घरात सांगून ठेवा. नेत्रदान सहा तासांत व्हावं लागतं, तेव्हा आयबँकेचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह हवा.