नुआद थाई आणि ऑइल मसाज: जपायचं दोन्हीकडे, पण वेगवेगळं

बँकॉक, पट्टाया, फुकेत, कुठेही जा; मसाजच्या दुकानाबाहेर दरांचा फलक असतो आणि त्यावर वरच्याच बाजूला दोन नावं असतात, थाई मसाज आणि ऑइल मसाज. साध्या दुकानात पहिल्याचा तासाचा दर 300 बाथच्या आसपास, दुसऱ्याचा थोडा जास्त. मालिश म्हटलं की आपल्याकडे तेल आलंच. त्यामुळे थाई मसाज हा त्यातलाच स्वस्त प्रकार असणार असं धरून लोक आत शिरतात, आणि दहाव्या मिनिटाला कोणाचं तरी कोपर मांडीत रुतलं की दचकतात.

पारंपरिक थाई मसाज, म्हणजे नुआद थाई, हा कोरडा प्रकार आहे. आधी पाय धुतात, मग सैल सुती सदरा आणि पायजमा देतात. जमिनीवरच्या गादीवर झोपायचं. पावलांपासून सुरुवात करून अंगठा, तळहात, कोपर, गुडघा, कधी पाऊल वापरून शरीरातल्या ‘सेन’ नावाच्या वाटांवर दाब देत वर यायचं आणि मधूनमधून सांधे ताणायचे, वळवायचे. बुद्धकाळातला वैद्य जीवक हा या विद्येचा आदिगुरू मानला जातो. बँकॉकच्या वाट फो या मंदिराच्या भिंतींवर तिसरा राम या थाई राजाच्या काळातले शिलापट आहेत, त्यांत या वाटा कोरलेल्या आहेत. 2019 मध्ये युनेस्कोनं नुआद थाईला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. ऑइल मसाजमध्ये यातलं फारसं काही नसतं. खोलीत किंवा पडद्याआड पलंग, अंगावर टॉवेल, तेल लावून लांब हात फिरवणं. स्नायू सैल होतात, सांध्यांना सहसा कोणी हात लावत नाही.

आपल्याकडच्या सगळ्या सूचना या दुसऱ्या प्रकाराभोवती फिरतात. एकट्यानं जाऊ नका, पाकीट सांभाळा, ‘तसलं’ दुकान नाही ना ते बघा. मग अंगावर कपडे असलेला, शेजारी चार बायका-पुरुष झोपलेले असलेला थाई मसाज सुरक्षितच, असा निष्कर्ष निघतो. अब्रू आणि पैशाच्या दृष्टीनं तो बराचसा खराही आहे. पण हाडं, सांधे आणि रक्तवाहिन्यांचं म्हणाल तर जास्त जपायचं ते इथेच. साठीच्या पुढची मंडळी सहलीच्या बसमधून उतरून ओळीनं गाद्यांवर झोपतात, आणि बीपीची गोळी कोण घेतं, मणक्याचं ऑपरेशन कोणाचं झालंय, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

एक उदाहरण घ्या. नुआद थाईत ‘वाऱ्याचं दार उघडणं’ नावाची एक क्रिया आहे. जांघेत जिथे धमनीचा ठोका लागतो तिथे तळहात ठेवून अंगाच्या भारानं दाबतात, अर्धा-एक मिनिट धरतात आणि सोडतात. सोडल्यावर पायात ऊब उतरत जाते; निरोगी माणसाला छान वाटतं. पण हृदयविकार किंवा चढलेला बीपी असेल, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील, कधी रक्ताची गुठळी झाली असेल, गरोदरपण असेल किंवा जांघेतून नुकतीच अँजिओग्राफी झाली असेल, तर ही क्रिया करून घेऊ नये. हात जांघेकडे आला की नको म्हणायचं, एवढंच. कोणी रागवत नाही.

मानेच्या बाबतीत मी त्याहून कडक आहे. आपल्याकडे सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून देतात, त्यामुळे आपल्याला त्याचं काही वाटत नाही. मानेतल्या धमन्या मणक्यांना लगटून जातात; झटक्यानं मान पिळली तर धमनीचं आतलं अस्तर फाटून गुठळी होऊ शकते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण घडतं, आणि तरुणांतही. डिसेंबर 2024 मध्ये उदोन थानीत एका तरुण गायिकेच्या मृत्यूनंतर हा विषय थायलंडमध्ये फार गाजला. तिनं मसाजमध्ये मान पिळून घेतली होती. पुढे अधिकाऱ्यांनी मज्जारज्जूचा दाह हे कारण सांगितलं, मसाजकडे बोट दाखवलं नाही. तरी मान पिळून घेऊ नका, हे तिथल्या डॉक्टरांनीही त्या वेळी सांगितलं. खांदे आणि मान दाबून घ्यायला हरकत नाही. फिरवून ‘कट्’ आवाज काढायचा असेल तर नको.

हाडं ठिसूळ झाली असतील, मणक्यातली गादी सरकलेली असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर नुआद थाई टाळलेलाच बरा. अशांनी हलक्या हाताचा ऑइल मसाज घ्यावा, तोही डॉक्टरांना विचारून. पाठीवर उभं राहून चालण्याचा प्रकार फोटोत भारी दिसतो, चाळिशीनंतर त्याच्या नादी लागू नये. मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी गरम पुरचुंडीच्या शेकापासून सांभाळावं. हळद, गवती चहा, कापूर वगैरे घातलेली ती पुरचुंडी वाफेवर तापवतात, आणि चटका बसलेला कळतच नाही.

दुखणं किती सोसायचं? दाबल्यावर ‘हां, तिथेच’ असं वाटणारं, हात उचलला की ओसरणारं दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकलं तरी चालतं. वीज गेल्यासारखी कळ, मुंग्या, बधिरपणा, सांध्यात टोचणं हे चालत नाही. ‘बाओ बाओ’ म्हणजे हळू, ‘जेप’ म्हणजे दुखतंय, ‘पो लेओ’ म्हणजे पुरे. पैसे दिलेत म्हणून दात-ओठ खाऊन तास भरून काढणारे आपले लोक पाहिले की मला खरंच नवल वाटतं.

ऑइल मसाजची काळजी त्या मानानं सोपी आहे. अंतर्वस्त्रं अंगावर ठेवता येतात, पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवावा, त्वचेची ॲलर्जी असेल तर साधं, बिनवासाचं तेल मागावं. मध्येच ‘आणखी काही’ सुचवलं गेलं तर ‘माय आओ’ म्हणून उठावं. थायलंडमध्ये वेश्याव्यवसाय बेकायदा आहे. ‘आब ओब नुआद’ ही तर तिसरीच गोष्ट. नावात नुआद असला तरी ती स्नानगृहांची मनोरंजनस्थळं असतात आणि त्यांचा परवाना 1966 च्या वेगळ्या कायद्याखाली येतो. मसाजची दुकानं आणि स्पा 2016 च्या आरोग्य आस्थापना कायद्याखाली येतात. त्यांना परवाना लागतो आणि मसाज करणाऱ्यांना प्रशिक्षण घेऊन सरकारी नोंदणी करावी लागते. काउंटरजवळ भिंतीवर परवाना दिसला नाही तर शेजारचं दुकान गाठावं, दुकानांना तोटा नाही.

विमानातून उतरल्या उतरल्या मात्र दोन्ही नकोत, विशेषतः एका पायाची पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल तर. ती गुठळी असू शकते आणि चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मसाजनंतर काही तासांत किंवा दिवसांत मानेत वा डोक्यात कधी नव्हे इतकी कळ, चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोबडं बोलणं, हातापायातली ताकद जाणं किंवा लघवी अडणं, यातलं काहीही झालं तर हॉटेलवर पडून राहू नका: 1669 हा तिथला रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. पैशावरून वाद किंवा दमदाटी झाली तर पर्यटक पोलिसांचा 1155.