जागा बदलतात, संपत नाहीत

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 285 अग्निशामक कर्मचाऱ्यांवर एक वेगळाच प्रयोग झाला. वर्षभर त्यांच्यातल्या काहींनी दर 6 आठवड्यांनी प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव दिला. काहींनी दर 12 आठवड्यांनी रक्तदान केले. उरलेल्यांवर नुसते लक्ष ठेवले. 2022 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्लाझ्मा देणाऱ्यांच्या रक्तातले पीएफओएस हे रसायन सुमारे 30 टक्क्यांनी उतरले, रक्त देणाऱ्यांचे सुमारे 10 टक्क्यांनी. काहीच न दिलेल्यांचे जवळपास होते तिथेच राहिले. एखादे रसायन शरीराबाहेर काढायला रक्तच काढावे लागते, ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

पीएफओएस हे 'पीफास' नावाच्या अवाढव्य कुटुंबातले. या कुटुंबात हजारो संयुगे आहेत आणि सगळ्यांची मूळ ओळख एकच: कार्बनला घट्ट धरून बसलेले फ्लोरिनचे अणू. सेंद्रिय रसायनशास्त्रात यापेक्षा बळकट एकेरी बंध नाही. त्यामुळे हे पदार्थ उष्णतेला दाद देत नाहीत, आणि निसर्गात असे रेणू जवळपास नसल्यामुळे ते सहज फोडू शकतील असे जिवाणूही घडले नाहीत. 1938 मध्ये रॉय प्लंकेट या तरुण रसायनशास्त्रज्ञाने वायूचे एक सिलिंडर उघडले. वजन तर भरत होते, पण वायू बाहेर येईना. कापून पाहिले तर आत पांढरी, गुळगुळीत भुकटी. तेच टेफ्लॉन. पुढे या कुटुंबातली रसायने नॉनस्टिक भांड्यांत, पावसाळी जॅकेटांत, डाग न धरणाऱ्या गालिच्यांत आणि तेल न शोषणाऱ्या कागदात जाऊन बसली. इंधनाची आग विझवणाऱ्या फेसातही ती होती. अग्निशामकांच्या रक्तात ती इतकी का सापडतात, याचे उत्तर त्या फेसात आहे.

शरीरात शिरल्यावर काय होते, ते नीट समजून घ्यायला हवे. डीडीटीसारखे जुने विष चरबीत साठते. पीफासमधली बरीचशी रसायने रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतात आणि त्याच्यासोबत फिरत राहतात, यकृतातही साठतात. मूत्रपिंड ती गाळायचा प्रयत्न करते, पण तिथली वाहक प्रथिने त्यांना शरीराच्या उपयोगाचा पदार्थ समजून पुन्हा रक्तात ओढून घेतात. याच कुटुंबातले पीएफओए हे रसायन प्रयोगशाळेतल्या उंदराच्या मादीच्या शरीरातून काही तासांत निम्मे होते. माणसात त्याला 2 ते 4 वर्षे लागतात. म्हणून पाण्यातला अगदी किरकोळ अंशही रक्तात वर्षानुवर्षे थरावर थर चढवत जातो. गर्भवतीकडून नाळेतून बाळाकडे आणि पुढे दुधातूनही तो पोहोचतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातून आला. पार्कर्सबर्गजवळ ड्यूपाँट कंपनी 1951 पासून टेफ्लॉन बनवताना पीएफओए वापरत होती. शेजारच्या एका शेतकऱ्याची गुरे एकामागून एक मरू लागली, तेव्हा तो रॉबर्ट बिलॉट या वकिलाकडे गेला. खटल्यातून कंपनीची जुनी कागदपत्रे बाहेर आली. आसपासच्या नळाच्या पाण्यात हे रसायन उतरल्याचे कंपनीला 1984 पासून ठाऊक होते. तडजोडीतून मिळालेल्या पैशांतून सुमारे 69,000 लोकांचे रक्त तपासले गेले. स्वतंत्र शास्त्रज्ञांच्या समितीने 2012 पर्यंत सहा आजारांशी संभाव्य संबंध नोंदवला: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, गरोदरपणातला उच्च रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल. रसायन रक्तात सापडले म्हणजे आजार होणारच, असे नाही. धोका वाढतो, आणि तो हजारो लोकांत एकाच वेळी वाढतो. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला कर्करोगकारक ठरवले.

मला कर्करोगाइतकीच काळजी लसींचा परिणाम कमी होण्याची वाटते. फेरो बेटांवरच्या मुलांचा अभ्यास फिलिप ग्रांजाँ यांच्या गटाने 2012 मध्ये मांडला. वयाच्या पाचव्या वर्षी रक्तातले पीफासचे प्रमाण दुप्पट असेल, तर सातव्या वर्षी धनुर्वात आणि घटसर्पाविरुद्धची, लसीने तयार होणारी प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) जवळपास निम्मी आढळली. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओए आणि पीएफओएस या दोघांची मर्यादा लिटरमागे प्रत्येकी 4 नॅनोग्रॅम ठरवली. 25 लाख लिटरच्या तरणतलावात फक्त 10 मिलिग्रॅम. चिमूटभर मिठाचाही एक छोटासा अंश.

आणि पाणी गाळले म्हणून प्रश्न संपत नाही. उकळून तर काहीच साधत नाही; वाफ निघून जाते आणि पीफास भांड्यात उरतात. सक्रिय कोळसा, आयन विनिमय, रिव्हर्स ऑस्मोसिस या पद्धती ती पकडतात. पण पकडलेले कुठे ठेवायचे? भरलेला कोळसा कचराभूमीत टाकला की पाझरातून ती पुन्हा पाण्यात. सांडपाण्याचा गाळ खत म्हणून शेतात घातला की मातीत, पिकात आणि जनावरांत. म्हणूनच अमेरिकेतल्या मेन राज्याने 2022 मध्ये असा गाळ शेतात टाकायला बंदी केली. समुद्रात गेलेली रसायने लाटांच्या तुषारांसोबत हवेत चढतात आणि किनाऱ्यावर परततात. आर्क्टिकमधल्या ध्रुवीय अस्वलांत पीएफओएस आढळल्याचे 2001 मध्येच जाहीर झाले होते.

पर्यायांचाही अनुभव कडू आहे. कार्बनच्या लांब साखळीच्या जुन्या रसायनांवर बोट ठेवले, की उद्योग आखूड साखळीचे भाऊबंद पुढे करतो. ती शरीरातून बहुधा लवकर जातात, पण पाण्यात अधिक सहज पसरतात आणि कोळशाला कमी दाद देतात. नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत 2017 मध्ये ज्या जेनएक्सचा गाजावाजा झाला, ते पीएफओएच्या जागी आणलेले रसायन होते. चिवट विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत पीएफओएस 2009 मध्ये आले, पीएफओए 2019 मध्ये, त्यांचेच आणखी एक भावंड पीएफएचएक्सएस 2022 मध्ये. हजारोंच्या कुटुंबाला या गतीने एकेक करून आवरता येणार नाही, हे उघड आहे.

बंध तोडता येतो, हे खरे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये पीएफओएसारखी संयुगे कॉस्टिक सोडा आणि एका साध्या द्रावकात, पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आसपासच्या तापमानाला मोडून दाखवली. पण आधी ती गोळा करावी लागतात, आणि नदी, माती, पाऊस यांतून ती वेचणार कोण? त्यामुळे नवी भर थांबवणे हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांनी 2023 मध्ये सुमारे 10,000 पीफासना एकत्रित बंदीचा प्रस्ताव युरोपीय संघापुढे ठेवला. जिथे आज खरेच पर्याय नाही, तिथे सवलतीची मुदत द्यावी, असे त्यात आहे. डेन्मार्क तर त्याआधीच, 2020 मध्ये, खाद्यपदार्थांच्या कागद-पुठ्ठ्यातून पीफास हद्दपार करून मोकळा झाला होता. तिथे खाणे अजूनही कागदातच बांधून मिळते.