गांज्याच्या दर्पामागची टर्पिने

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला आणि अमेरिकेतील अनेक राज्यांनी त्याच्या आगेमागे तीच वाट धरली. तिथल्या परवानाधारक दुकानांतील डब्यांवर आता टीएचसी (नशा आणणारे द्रव्य) आणि सीबीडी (नशा न आणणारे त्याचे भावंड) यांच्या प्रमाणाबरोबरच मायर्सीन, लिमोनीन, पायनीन, लिनॅलूल, कॅरियोफायलीन अशी नावेही अनेकदा छापलेली असतात. ही सारी टर्पीन वर्गातील वासाची द्रव्ये आहेत. लिमोनीनने मन प्रसन्न होते, मायर्सीनने झोप येते, असे नवख्या ग्राहकाला ठामपणे सांगितले जाते. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी असल्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न दुकानातील निवडीचा नाही. मात्र या नावांचा माग काढत गेल्यास तो बंगालच्या शेतांपर्यंत, डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेपर्यंत आणि पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो.

टर्पिने ही गांज्याची मिरासदारी नव्हे. पाच कार्बन अणूंचे आयसोप्रीन नावाचे एकक एकमेकांना जोडले जाऊन ती घडतात. दोन एककांची, म्हणजे दहा कार्बनांची, ती मोनोटर्पिने आणि तीन एककांची ती सेस्क्विटर्पिने. पहिली हलकी असल्याने झटकन उडतात आणि नाकात प्रथम तीच शिरतात, तर दुसरी जड असल्याने मागे रेंगाळतात. संत्र्याची साल दाबली असता उडणाऱ्या तुषारांत मुख्यतः लिमोनीन असते, धण्यांच्या तेलात लिनॅलूल भरपूर असते, काळ्या मिरीत आणि लवंगेत कॅरियोफायलीन असते आणि टर्पेंटाइनचा ओळखीचा वास बव्हंशी पायनीनचा असतो. गांज्याच्या मादी फुलांवरील सूक्ष्म ग्रंथियुक्त केसांत हीच द्रव्ये तयार होतात. नशा आणणारे टीएचसी त्याच ग्रंथींत बनते आणि मोनोटर्पिने ज्या पूर्वद्रव्यापासून तयार होतात त्याचाच उपयोग त्याच्या जडणघडणीतही होतो. पण शुद्ध टीएचसीला स्वतःचा वास नसतो. म्हणूनच वास उग्र असला म्हणजे माल कडक, हा समज रसायनशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही.

या वर्गाला टर्पीन हे नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट केक्युले यांनी १८६६ मध्ये दिले आणि ते टर्पेंटाइनवरून घेतले. त्या काळात या द्रव्यांचा मोठा गोंधळ होता, कारण जो तो आपल्या वनस्पतीतून काढलेल्या तेलाला नवे नाव देत असे. बॉनमध्ये केक्युले यांचे सहकारी असलेल्या ओटो वालाख यांनी हा गुंता सोडवण्यात अनेक वर्षे घालवली आणि सिट्रीन, हेस्पेरिडीन, कार्व्हीन अशा निरनिराळ्या नावांनी ओळखली जाणारी द्रव्ये प्रत्यक्षात एकच, म्हणजे लिमोनीन, असल्याचे दाखवून दिले. या कामासाठी त्यांना १९१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज डब्यांवर दिसणाऱ्या नावांची शिस्त मुळात तिथली आहे.

गांज्याकडे रसायनशास्त्रज्ञ वळले ते वासासाठी नव्हे, नशेच्या शोधात. कलकत्त्याचे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये या वनस्पतीच्या औषधी उपयोगाविषयी लिहिल्यानंतर युरोपात तिच्याबद्दल कुतूहल वाढले. पुढे १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हिंदुस्थानभर साक्षी घेतल्या. बंगालमधील नौगाव भागात नर झाडे वेळेत ओळखून उपटून टाकणारा जाणकार असे आणि त्याला परखदार किंवा पोद्दार म्हणत, अशी नोंद त्या अहवालात आहे. मादी फुलांत बी धरले की राळ घटते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. परागीभवनानंतर सुगंधी तेलाचे उत्पन्नही कमी होते, हे प्रयोगशाळेतील मोजमापाने नंतर दाखवले. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी हिंदुस्थानी चरसाचे ऊर्ध्वपातन केले तेव्हा त्यांच्या हाती एक टर्पीन, एक सेस्क्विटर्पीन आणि एक लालसर घट्ट तेल लागले. सर्वांचे लक्ष अर्थातच लाल तेलाकडे गेले. टर्पिनांची केवळ नोंद झाली.

या इतिहासातील सर्वांत लक्षणीय व्यक्ती माझ्या मते जॉन लायोनेल सायमनसेन ही आहे. १९१० मध्ये ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले, १९१४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ मॅकमहॉन यांच्यासह इंडियन सायन्स काँग्रेसच्या स्थापनेत पुढे राहिले आणि नंतर डेहराडूनची वनसंशोधन संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे त्यांनी काम केले. हिमालयातील चीर वृक्षाच्या टर्पेंटाइनमधून त्यांनी १९२० च्या सुमारास कॅरीन आणि लाँगिफोलीन ही टर्पिने वेगळी केली. लाँगिफोलीनच्या रसायनशास्त्रावर पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ सुखदेव यांनी मोलाचे काम केले. सायमनसेन वेल्समधील बँगोरला गेल्यानंतर, १९४२ मध्ये, त्यांनी रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर टॉड यांच्यासह इजिप्तच्या हशीशातील (म्हणजे चरसासारख्या राळेतील) सुगंधी तेलाचे पृथक्करण प्रसिद्ध केले आणि त्यात पॅरा-सायमीन व ह्यूम्युलीन ही द्रव्ये ओळखली. यांतील ह्यूम्युलीन हे बिअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या हॉप्स वनस्पतीत विपुल असते, आणि हॉप्स व गांजा ही एकाच कुळातील भावंडे आहेत.

१९६४ मध्ये इस्रायलमध्ये मेशुलम आणि गाओनी यांनी टीएचसीची रचना उलगडली आणि संशोधनाचा ओघ तिकडे वळला. वासाचा अभ्यास मागे पडू दिला नाही तो पोलिसांच्या गरजेने. १९५२ मध्ये जेम्स आणि मार्टिन यांनी विकसित केलेल्या वायू-द्रव वर्णलेखन या मिश्रणातील द्रव्ये वेगवेगळी करणाऱ्या पद्धतीमुळे हवेत उडणारी सूक्ष्म द्रव्येही आता मोजता येत होती. १९७३ मध्ये एका गटाने गांज्यावरच्या हवेतील बाष्पांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जर्मनीत स्टाल आणि कुंडे यांनी दाखवले की माग काढणारे श्वान हशीश ओळखतात ते कॅरियोफायलीन ऑक्साइडच्या वासावरून. म्हणजे श्वानाला नशेच्या द्रव्याचा पत्ताच नसतो.

मिसिसिपी विद्यापीठातील रॉस आणि एलसोहली यांचा १९९६ चा अभ्यास नवशिक्याने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. ताज्या फुलांतील तेल वाळवून साठवल्यावर आठवड्यात सुमारे ३१ टक्के आणि तीन महिन्यांत सुमारे ५५ टक्के घटले; शिवाय हलकी मोनोटर्पिने आधी उडून गेल्याने उरलेल्या तेलात सेस्क्विटर्पिनांचा वाटा वाढला. डब्यावरचा आकडा तपासणीच्या दिवसाचा असतो, उघडण्याच्या दिवसाचा नव्हे.

गुणांविषयीचे दावे त्यानंतरचे आहेत. शरीरातील एका द्रव्याचा परिणाम त्याच्या निष्क्रिय सोबत्यांमुळे वाढतो, या निरीक्षणाला १९९८ मध्ये मेशुलम आणि सहकाऱ्यांनी ‘आंतुराज इफेक्ट’ म्हटले. त्यात टर्पिनांचा संबंध नव्हता. २००८ मध्ये कॅरियोफायलीन शरीरातील सीबी-२ ग्राहीशी (टीएचसीसारखी द्रव्ये जिथे जाऊन चिकटतात अशा पेशींवरील प्रथिनाशी) जोडले जाते असे आढळले आणि २०११ मध्ये इथन रुसो यांनी टर्पिने व कॅनाबिनॉइडे (टीएचसी, सीबीडी यांच्या वर्गातील द्रव्ये) एकमेकांना पूरक ठरू शकतील, अशी सविस्तर मांडणी केली. ती शक्यतेची मांडणी होती. बाजाराने तिची हमी करून टाकली. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पेशींवरच्या प्रयोगात नेहमीच्या टर्पिनांनी टीएचसीच्या ग्राहींवरील परिणामात फरक पाडल्याचे दिसले नाही. उलट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, माणसांवरील एका छोट्या प्रयोगात लिमोनीनमुळे टीएचसीने येणारी अस्वस्थता कमी झाली. आंब्यातील मायर्सीनने नशा वाढते ही परदेशी दंतकथाही याच काळात फोफावली. आपल्या हापूसच्या वासावर पुण्यात झालेल्या अभ्यासात मात्र ओसिमीन हे टर्पीन अग्रभागी आढळले आणि फळ पिकल्यावर लॅक्टोन वर्गाची द्रव्ये पुढे आली.

गांज्याचा जो खास, नाक मुरडायला लावणारा दर्प आहे, तो तर टर्पिनांचा नव्हेच. २०२१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तो गंधकयुक्त थायॉल द्रव्यांमुळे येतो असे दाखवले. त्यांतील प्रमुख द्रव्य उन्हात राहून बिघडलेल्या बिअरला येणाऱ्या वासाचेही कारण आहे, आणि या गटातील द्रव्यांची रचना लसणाच्या वासाला कारणीभूत असलेल्या द्रव्यांशी मिळतीजुळती आहे. टर्पिनांच्या तुलनेत त्यांचे प्रमाण अत्यल्प असूनही नाकाला तीच प्रथम जाणवतात. फुलोऱ्याच्या अखेरच्या आठवड्यांत ती वाढत जातात आणि साठवणीच्या पहिल्या काही दिवसांतच झपाट्याने घटतात.