जेनोआतील घरगुती गुलामी

इटलीतील जेनोआ या बंदरनगरात १४व्या व १५व्या शतकांत घरकामासाठी माणसे विकत घेण्याची प्रथा. विकत आणलेल्यांत बायका आणि मुलीच फार होत्या. १३४८ च्या प्लेगनंतर मोलकरणी मिळेनाशा झाल्या तशी मागणी वाढली. सरदार-सावकारांच्या घरांपुरती ही चाल नव्हती. कारागीरही बटीक, म्हणजे विकत घेतलेली गुलाम बाई, बाळगत.

मुख्य पुरवठा काळ्या समुद्राकडून होई. क्रिमियातील काफा ही जेनोआची वसाहत होती. तेथून तार्तार, सर्केशियन, रशियन मुली गलबतांवर चढत. मुलगे बरेचसे इजिप्तच्या ममलूक सुलतानांच्या सैन्यासाठी जात. इटलीत पोचल्यावर बाप्तिस्मा देऊन कातेरिना, लुचिया, मारिया अशी नवी नावे ठेवत. बाप्तिस्म्याने गुलामी मात्र सुटत नसे. खरेदीखतात वय, वंश, किंमत आणि उघड्या-झाकल्या अवयवांच्या निरोगीपणाची हमी लिहिली जाई. आईबापांनी ठेवलेले नाव क्वचितच त्यात उतरे.

कामाची कल्पना एका पत्रावरून येते. प्रातोचा व्यापारी फ्रान्चेस्को दातीनी याने जेनोआतील ओळखीच्या माणसाला लिहून आठ ते दहा वर्षांची, दणकट मुलगी मागवली होती. भांडी घासायला, लाकडे वाहायला आणि पाव भट्टीवर न्यायला. दहा वर्षांच्या आतली पोर!

मोठ्या झालेल्या बटकीवर मालकाची, त्याच्या मुलांची, शेजाऱ्यांची नजर असे. परक्याच्या बटकीला दिवस गेले, तर जबाबदार पुरुषाला भरपाई द्यावी लागे; ती मिळे मालकाला. १५व्या शतकात गरोदर बटीक बाळंतपणात दगावली तर मालकाचे नुकसान भरून यावे, म्हणून विमाही उतरवत. तिच्या जिवाची काळजी कागदावर आली ती या रूपात. बाळंतीण झाल्यावर अनेकींना दूधआई म्हणून दुसऱ्यांच्या घरी भाड्याने देत. त्यांची स्वतःची मुले बहुधा अनाथालयाच्या दारात जात. मराठेशाहीतील कुणबिणींचे, म्हणजे गुलाम बायकांचे, कागद वाचलेल्याला यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल.

मालकाच्या मृत्युपत्राने काहींची सुटका होई, पण तिलाही अटी असत: वारसांची आणखी काही वर्षे चाकरी, मगच मोकळीक.

१४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल व १४७५ मध्ये काफा तुर्कांनी घेतल्यावर काळ्या समुद्राची वाट बंद झाली. गुलाम महागले, आणि मध्यम घरांतून ही प्रथा हळूहळू मागे पडली.