बिल्ला, ठसे आणि तक्रार: ॲप टॅक्सीच्या सुरक्षेच्या वादाची पार्श्वभूमी

एखादा गुन्हा घडला की ॲप टॅक्सी जास्त सुरक्षित की जुनी टॅक्सी, हा वाद पुन्हा पेटतो आणि दोन्हीकडची उत्तरं तयार असतात. टॅक्सीवाले म्हणतात, आमची पोलीस पडताळणी झालेली असते, बिल्ला असतो, गाडी तपासलेली असते. ॲपवाले म्हणतात, आमच्याकडे प्रत्येक ट्रिपची नोंद असते: चालक कोण, प्रवासी कोण, कुठून निघाले, कुठे उतरले. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. एकाची भिस्त प्रवासाआधीच्या निवडीवर असते, दुसऱ्याची प्रवासाच्या मागावर. आलेल्या तक्रारीचं पुढे काय केलं, याबद्दल मात्र दोघंही सहसा गप्प असतात, आणि गाजलेल्या प्रकरणांत घोडं अनेकदा तिथेच पेंड खातं.

जुन्या परवान्यांकडे आज आपण सुरक्षेची हमी म्हणून पाहतो, पण ते सुरू झाले ते दुसऱ्याच कारणांनी. लंडनमध्ये भाड्याच्या घोडागाड्यांवर सतराव्या शतकात निर्बंध आले ते मुख्यतः रस्त्यावरच्या गर्दीमुळे. न्यूयॉर्कने १९३७ मध्ये टॅक्सींच्या संख्येवर मर्यादा घातली, कारण मंदीत टॅक्सींचा सुळसुळाट झाला होता आणि भाडं पाडण्याची चढाओढ लागली होती. अमेरिकी टॅक्सीत चालक आणि प्रवासी यांच्यामध्ये जी जाड पारदर्शक भिंत दिसते, तीही चालकासाठी आहे, मागून होणारी लूटमार टाळण्यासाठी. १९९० च्या दशकात तिथे कामावर असताना खून होण्याचा धोका सर्वाधिक असलेल्या पेशांत टॅक्सीचालकाचा क्रमांक फार वरचा होता. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेल्या प्रवाशाचं तोंड मात्र करकचून ब्रेक लागला की याच भिंतीवर आपटायचं. प्रवाशाची सुरक्षितता हा नियमांचा स्वतंत्र विषय बऱ्याच उशिरा झाला.

लंडनमध्ये १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फोनवरून बोलावायच्या मिनीकॅब आल्या. काळ्या टॅक्सीच्या चालकाला शहराचे रस्ते तोंडपाठ करून अवघड परीक्षा द्यावी लागायची, मिनीकॅबवाल्याला मात्र परवान्याची अट नव्हती. त्यासाठी कायदा व्हायला १९९८ साल उजाडलं आणि चालकांना परवाने देणं सुरू व्हायला २००३. परवाना असला की प्रवासी निर्धास्त, हा समज त्यानंतर सहाच वर्षांत ढासळला. २००९ मध्ये दोषी ठरलेला गुन्हेगार रीतसर परीक्षा देऊन बिल्ला मिळवलेला, काळ्या टॅक्सीचाच चालक होता. जुगारात मोठी रक्कम जिंकल्याची थाप मारून तो रात्री घरी निघालेल्या महिलांना गुंगीचं औषध घातलेलं पेय द्यायचा आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार करायचा. पोलिसांकडे त्याआधी तक्रारी आल्या होत्या. २००७ मध्ये त्याला पकडून सोडूनही दिलं होतं आणि सुटल्यावर तो पुन्हा तेच करत राहिला. तपासातल्या गंभीर त्रुटींसाठी पोलीस जबाबदार ठरतात, यावर २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं.

ॲपचा काळ धरायचा तो २०१० पासून, सॅन फ्रान्सिस्कोतून. सुरुवातीला तिथल्या पहिल्या कंपनीकडे परवानाधारक आलिशान गाड्या आणि त्यांचे पेशेवर चालक होते, त्यामुळे सुरक्षेचा प्रश्न फारसा आला नाही. तो आला २०१२ मध्ये, खासगी गाडी असलेला कुणीही फावल्या वेळात ॲपवर ट्रिप मारू लागला तेव्हा. सप्टेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नियामकाने अशा कंपन्यांसाठी परवान्याचा वेगळाच वर्ग तयार केला. गाडीची १९ मुद्द्यांची तपासणी, चालकाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासणं, नशेबाबत शून्य सहनशीलता आणि दहा लाख डॉलरचा विमा अशा त्याच्या अटी होत्या. पुढे अनेक राज्यांनी हाच साचा उचलला.

या साच्यातली एक भेग साडेतीन महिन्यांत उघडी पडली. ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोत रस्ता ओलांडणारी सहा वर्षांची मुलगी एका ॲप चालकाच्या गाडीखाली सापडून गेली. त्याचं ॲप चालू होतं, पण गाडीत प्रवासी नव्हता आणि कुठली ट्रिपही स्वीकारलेली नव्हती. म्हणजे त्या वेळी तो आमची सेवा देत नव्हता, असं कंपनीचं म्हणणं पडलं. दुसरीकडे, गाडी धंद्यासाठी चालवली तर चालकाचा खासगी विमा सहसा हात वर करतो. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून कामाच्या वेळेचे तीन टप्पे पाडले: ॲप चालू पण ट्रिप नाही, ट्रिप स्वीकारली पण प्रवासी बसायचा आहे, आणि प्रवासी गाडीत आहे. पहिल्या टप्प्यासाठीही किमान विमा सक्तीचा झाला. टॅक्सीबाबत हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं, कारण टॅक्सी रिकामी असली तरी टॅक्सीच असते.

खरी लढाई मात्र बोटांच्या ठशांवरून झाली. तिच्याबद्दल इतकं अर्धवट लिहिलं गेलंय की इथे जरा थांबायला हवं.

अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या शहरांत टॅक्सीचा बिल्ला हवा असेल तर ठसे द्यावे लागत आणि ते राज्याच्या व केंद्राच्या पोलीस नोंदींशी ताडले जात. ॲप कंपन्यांनी हे काम खासगी तपासणी संस्थांकडे दिलं. उमेदवार मोबाइलवर नाव, जन्मतारीख आणि ओळख क्रमांक भरणार, संस्था त्यावरून न्यायालयांच्या नोंदी आणि लैंगिक गुन्हेगारांच्या याद्या धुंडाळणार, तेही साधारण मागच्या सात वर्षांच्या. नाव खोटं असेल तर अख्खी तपासणी खोट्या नावाची होणार, ही त्यातली उघड गोम. कंपन्या मात्र आपली तपासणी या धंद्यातली सर्वांत कडक असल्याची जाहिरात करत होत्या. एकीने तर २०१४ पासून सुरक्षित प्रवासाच्या नावाने प्रत्येक ट्रिपमागे जादा शुल्कही लावलं.

डिसेंबर २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसच्या सरकारी वकिलांनी या जाहिरातींवरून तिला न्यायालयात खेचलं. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवून दिलं की गुन्हा सिद्ध झालेले २५ चालक या दोन शहरांत तपासणीतून पार झाले होते. त्यांतला एक खुनाच्या शिक्षेत २६ वर्षं तुरुंगात काढून आलेला होता आणि त्याने नाव नोंदवलं होतं ते दुसऱ्याच नावाने. २०१६ मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि जाहिरातीतले दावे आवरते घेतले. जादा शुल्काच्या दाव्यात तिला आणखी २ कोटी ८५ लाख डॉलर मोजावे लागले आणि शुल्काचं नाव बदलून ‘बुकिंग शुल्क’ झालं.

इथवर वाचलं तर ठसे हाच उपाय असं वाटेल, पण विरोधी बाजूही पोकळ नव्हती. पोलिसांच्या केंद्रीय नोंदीत अटक चढते, पण खटल्याचा निकाल बरेचदा चढतच नाही. निर्दोष सुटलेला माणूसही मग त्या यादीत संशयितच राहतो. ज्या समाजांवर पोलिसांची धाड जास्त पडते, विशेषतः कृष्णवर्णीयांवर, त्यांचा रोजगार त्यामुळे नाहक जातो. नागरी हक्कांसाठी झगडणारे हे आधीपासून सांगत होते. कंपन्यांनी हा मुद्दा उचलला, तो बरोबरही होता. पण त्यांची अडचण वेगळी होती. ठसे द्यायला माणसाला एखाद्या केंद्रावर स्वतः जावं लागतं, आणि घरबसल्या अर्ध्या तासात फॉर्म भरणाऱ्यांतले बरेच जण तिथवर पोचत नाहीत. चालक कमी म्हणजे गाडी यायला उशीर, आणि सगळा धंदा तर गाडी पटकन येण्यावर उभा होता.

टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये हे सगळं एकाच वेळी उफाळून आलं. डिसेंबर २०१५ मध्ये शहराने ॲप चालकांना ठसे सक्तीचे केले. दोन मोठ्या कंपन्यांनी हा नियम रद्द करवून घेण्यासाठी सार्वमत घडवून आणलं आणि प्रचारावर ८० लाख डॉलरहून जास्त खर्च केला. ७ मे २०१६ ला मतदारांनी ५६ टक्क्यांनी शहराच्या बाजूने कौल दिला. दोनच दिवसांत दोन्ही कंपन्यांनी शहरातलं काम थांबवलं. वर्षभर तिथे लहान कंपन्यांनी ठसे घेऊन सेवा चालवली. मे २०१७ मध्ये राज्याने कायदा करून हे नियम ठरवण्याचा शहरांचा अधिकारच काढून घेतला आणि महिना संपायच्या आत दोघी परतल्या. मतदारांनी दिलेला कौल विधिमंडळात असा पुसला गेला. न्यूयॉर्क शहरात मात्र ॲप चालकांनाही पहिल्यापासून ठसे द्यावे लागतात आणि याच कंपन्या तिथे निमूट धंदा करतात. ठसे घेतले तर सेवा चालूच शकत नाही, हे म्हणणं त्यामुळे मला कधी पटलं नाही.

तरीही या भांडणात ठशांना गरजेपेक्षा जास्त भाव मिळाला, असं मॅसॅच्युसेट्समधला प्रकार पाहिल्यावर वाटतं. त्या राज्याने ठसे मागितलेच नाहीत. कंपनीच्या तपासणीनंतर सरकार स्वतः दुसरी तपासणी करील, एवढीच अट घातली. एप्रिल २०१७ मध्ये पहिल्या फेरीचा निकाल आला: सुमारे ७१ हजारांपैकी ८,२०६ चालक नापास. हे सगळे जण कंपन्यांच्या चाळणीतून आधीच पार झालेले होते. त्यांत निलंबित लायसन्सवाले बरेच होते, गंभीर गुन्ह्यांचे होते आणि ५१ जण लैंगिक गुन्हेगारांच्या यादीतले होते. मुख्य फरक पडला तो तपासणारा कोण आणि तो किती मागचं पाहतो, यामुळे. माणूस नाकारला म्हणून ज्याचं नुकसान होत नाही, त्याने तपासलं की जास्त जण नाकारले जातात.

भारतात प्रश्न याहून साधा होता. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲप टॅक्सीच्या चालकाने प्रवासी महिलेवर बलात्कार केला. त्याच्यावर याआधीही बलात्काराचा खटला चालला होता आणि त्याचा चारित्र्य दाखला बनावट निघाला. त्याच चालकाच्या वागण्याबद्दल आपण कंपनीला आधीच कळवलं होतं, असं दुसऱ्या एका प्रवासी महिलेने नंतर जाहीरपणे सांगितलं. काही दिवसांत दिल्लीने अशा सेवांवर बंदी घातली, पुढच्या वर्षी चालकाला जन्मठेप झाली आणि कंपनीने ॲपमध्ये एसओएस बटण आणलं. १ जानेवारी २०१९ पासून देशात नव्याने नोंद होणाऱ्या प्रवासी वाहनांना, म्हणजे साध्या टॅक्सीलाही, लोकेशन यंत्र आणि आपत्कालीन बटण सक्तीचं झालं. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा त्यातून वगळल्या. बटण दाबल्यावर पलीकडे कोण बसलंय, हा प्रश्न गाडी तपासताना कुणी विचारत नाही.

लंडनच्या नियामकाने सप्टेंबर २०१७ मध्ये सर्वांत मोठ्या ॲप कंपनीचा परवाना नूतनीकरणास नकार दिला. पहिल्या कारणांतलं एक होतं गंभीर गुन्ह्यांची पोलिसांना खबर देण्यातली कुचराई. नोव्हेंबर २०१९ मध्ये पुन्हा नकार आला तेव्हाचं कारण त्याहून नवलाचं होतं. प्रणालीतल्या एका त्रुटीमुळे भलत्याच माणसाला दुसऱ्या चालकाच्या खात्यावर स्वतःचा फोटो चढवता येत होता. निदान ४३ चालकांनी ते केलं आणि अशा किमान १४ हजार ट्रिप झाल्या. प्रवाशाने नियमाप्रमाणे फोटो ताडून पाहिला तरी तो जुळणारच. नंतर न्यायालयाने परवाना परत दिला, पण आयडी दुसऱ्याला चालवायला देण्याचा प्रकार काही एकट्या लंडनचा नव्हता.

चीनमध्ये तर त्याची किंमत जिवाने मोजली गेली. मे २०१८ मध्ये झेंगझोऊत २१ वर्षांच्या एका विमान परिचारिकेचा खून झाला. चालक वडिलांच्या खात्यावर गाडी चालवत होता आणि चेहरा ओळखण्याची यंत्रणा त्या रात्री उपयोगी पडली नव्हती. कंपनीने सुधारणा जाहीर केल्या. ऑगस्टमध्ये वेनझोऊत २० वर्षांच्या मुलीचा तसाच अंत झाला. या वेळी चालकाचं खातं त्याचं स्वतःचं होतं आणि जुना गुन्हाही नव्हता. पण आदल्याच दिवशी दुसऱ्या एका महिलेने तक्रार केली होती की हा गाडी आडबाजूला नेतोय आणि उतरल्यावरही पाठलाग करतोय. दोन तासांत पाहतो, असं ग्राहक सेवेने कळवलं आणि कुणी पाहिलं नाही. मुलीच्या मैत्रिणींनी मदत मागितली तेव्हाही चालकाची माहिती बाहेर पडायला वेळ लागला. दोन्ही ट्रिप ज्या सहप्रवास (कारपूल) विभागातल्या होत्या, तो मग वर्षभराहून जास्त काळ बंद राहिला.

आकडे हवेत अशी ओरड होतीच. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपनीने पहिल्यांदा ते छापले: २०१८ मध्ये १.३ अब्ज ट्रिप आणि लैंगिक अत्याचाराच्या पाच गंभीर प्रकारांतल्या ३,०४५ तक्रारी. आरोप झालेल्यांत प्रवासी जवळपास निम्मे होते, हे त्यातलं सहसा कुणी न सांगितलेलं वाक्य. टॅक्सीशी तुलना करावी तर तिथे आकडेच नाहीत, कारण टॅक्सीचे परवाने गावोगावच्या पालिकांकडे असतात आणि गुन्हा कोणत्या प्रकारच्या भाड्याच्या गाडीत घडला याचा देशभराचा एकत्रित हिशोब तिथे ठेवला जात नाही. टॅक्सीचे आकडे नाहीत म्हणून टॅक्सी सुरक्षित, हा युक्तिवाद तरीही सर्रास चालतो. कंपनीचे आकडे तरी पुरते होते का? ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयीन कागदपत्रांतून दिसलं की २०१७ ते २०२२ या सहा वर्षांत तिच्याकडे लैंगिक गैरवर्तनाच्या ४ लाखांहून जास्त तक्रारी आल्या होत्या. छापील अहवालांतल्या गंभीर प्रकरणांची त्याच काळातली बेरीज साडेबारा हजारांच्या आसपास होती. उरलेल्या बहुतांश तक्रारी शेरेबाजीसारख्या कमी गंभीर होत्या, असं कंपनीचं म्हणणं. वेनझोऊच्या आदल्या दिवशीची तक्रारही अशा वर्गवारीत बहुधा खालच्याच रकान्यात बसली असती.

त्याच कागदपत्रांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. रात्रीची वेळ, जवळ बार, चालकाचा इतिहास असे धागे जोडून कोणती ट्रिप जोखमीची ठरेल याचा अंदाज ट्रिप जुळवण्याआधीच मांडणारी प्रणाली कंपनीने काही वर्षांपूर्वीच तयार केली होती. गाडी बोलावणाऱ्या प्रवाशाला तो अंदाज दाखवला जात नव्हता. महिला प्रवाशाला महिला चालक मागण्याची सोय त्या कंपनीने अमेरिकेत सुरू केली ती जुलै २०२५ मध्ये, तीन शहरांपुरती.