थंडीत प्रत्येक घळ कोरडी नसते

छत्रपती संभाजीनगर परिसरातील गिर्यारोहकांत एक समज रूढ आहे: पाऊस संपला की अरुंद घळी कोरड्या पडतात, म्हणून दोरावरून घळ उतरायला शिकणाऱ्या नवख्यांना हिवाळ्यात कोणतीही घळ चालते. हा समज अर्धाच खरा आहे. प्रवाह आटला, तरी अजिंठा डोंगररांगेतील रांजणखळग्यांत साचलेले पाणी, तेथे ऊन जेमतेम पोहोचत असल्याने, पुढेही टिकून राहू शकते. अमेरिकेतील युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातील कीहोल ही घळ तर आखूड आणि नवख्यांना झेपणारी; तरीही तिच्या गार डोहांसाठी उन्हाळ्यातसुद्धा वेटसूट (पाण्यात अंग उबदार ठेवणारा घट्ट पोशाख) घालतात. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे 24 पट असते. त्यामुळे कमरेपर्यंत भिजलेल्याची बोटे लवकर बधिर होतात, आणि कॅराबिनरची (दोर अडकवायच्या धातूच्या कडीची) स्क्रूकळ फिरवायला किंवा डिसेंडरमध्ये (उतरण्याचा वेग आवरणाऱ्या साधनात) दोर ओवायला नेमकी तीच बोटे लागतात. शिवाय वरचा दोर एकदा ओढून घेतला की परतीची वाट सहसा उरत नाही. म्हणून नवख्यांसाठी घळ निवडताना कॅलेंडर न पाहता, माहीतगाराने ती अलीकडेच उतरून तळ पाहिला आहे का, हे विचारावे. गुराख्याला विचारणेही उत्तम: जानेवारीतही तो जिथे जनावरे पाण्यावर नेतो, ती घळ वगळावी.